उपासापेक्षा पारणे कठीण

उपास सोडण्याला मराठीत एक स्वतंत्र शब्द आहे. एकादशी करणारा मनुष्य द्वादशीला जे अन्न घेतो त्याला आपण नुसते जेवण म्हणत नाही, पारणे म्हणतो. उपासाला जसा नेम असतो तसा तो सोडण्यालाही असतो, ही जाण त्या शब्दात आहे. आयुर्वेदाने तर ह्या गोष्टीचे शास्त्रच करून ठेवले. वमन-विरेचनादी उपचारांनंतर रोग्याच्या जठराग्नीवर एकदम भार पडू नये म्हणून प्रथम पेया, मग विलेपी, मग साधे कढण, मग तूप-मिठाचा संस्कार केलेले कढण आणि शेवटी मांसरस, अशी पायरीपायरीने अन्नाची वाढ करावयाची; ह्याला संसर्जनक्रम म्हणतात. कोकणात आणि गोव्यात तापातून उठलेल्या माणसापुढे आधी पेज येते ती ह्याच जातीच्या अनुभवातून. येरवड्याच्या तुरुंगात २६ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी आपला उपास सोडला तो संत्र्याच्या रसाने. शुभवर्तमानातील याईराची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या मुलीला मृत्यूतून उठविल्यानंतर येशूने घरच्यांना ज्या सूचना केल्या, त्यांत एक अगदी घरगुती होती, ती ही की मुलीला काही खावयास द्यावे. एवढा मोठा चमत्कार झाल्यावरही अन्नाची आठवण ठेवावी लागते, हे त्या प्रसंगातील फार मानवी असे वैशिष्ट्य होय.

परंतु हे सारे झाले एका दिवसाच्या, सप्ताहाच्या किंवा फार तर काही आठवड्यांच्या उपासाविषयी. जो मनुष्य महिनोन् महिने किंवा वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिला, मग तो दुष्काळामुळे असो, छळछावणीत असो, किंवा शरीर सडपातळ राहावे म्हणून स्वतःच्या मर्जीने असो, त्याचे पारणे कसे व्हावे? त्याला किती अन्न लागेल? गेलेले वजन परत येण्यास किती काळ जाईल, आणि वजन परत आले म्हणजे मनुष्य परत आला असे समजावे काय? ह्या प्रश्नांना मोजून-मापून उत्तर १९४४ सालापर्यंत कोणाजवळही नव्हते. ते मिळविण्यासाठी ३६ निरोगी तरुण आपण होऊन उपाशी राहिले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या त्या प्रयोगाची ही हकीकत आहे.

१९४४ साल हे भुकेचे वर्ष होते. लेनिनग्राडचा वेढा त्या वर्षाच्या जानेवारीत उठला तेव्हा तेथे लाखो माणसे उपासमारीने मेलेली होती. आपल्याकडे बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळाने लाखोंचा बळी घेतला होता. हॉलंडच्या पश्चिम भागात जर्मनांनी रसद तोडल्यामुळे १९४४-४५ चा हिवाळा ‘भुकेचा हिवाळा’ म्हणूनच इतिहासात राहिला. वॉर्सा शहरातील कोंडवाड्यात डांबलेल्या ज्यू डॉक्टरांनी तर १९४२ साली आपल्याच उपाशी रोग्यांचा, स्वतःही उपाशी असताना, शास्त्रोक्त अभ्यास केला. त्यांतील बहुतेक डॉक्टर पुढे मारले गेले. कागद मात्र लपवून बाहेर काढण्यात आले आणि १९४६ साली ते प्रसिद्ध झाले. भुकेचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण त्या अभ्यासाला एक मर्यादा होती, आणि ती सांगताना कोणाचेही मन जड होईल. भूक कशी मारते हे त्या डॉक्टरांना पाहता आले. उपाशी माणूस कसा सावरतो हे पाहता आले नाही, कारण सावरण्यापुरते अन्न त्यांच्यापाशी नव्हतेच.

महायुद्ध संपले की युरोपातील कोट्यवधी उपाशी माणसांना जेवू घालावे लागणार, हे उघड दिसत होते. आन्सेल कीज ह्या शरीरशास्त्रज्ञाला ह्या प्रश्नाने घेरले. सैनिकांच्या खिशात मावेल अशी जी ‘के’ शिधापुडी दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्ध झाली तिच्यामागे हाच मनुष्य होता. मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉलच्या भव्य क्रीडांगणाखालील खोल्यांत त्याची प्रयोगशाळा होती. त्याने असे ठरविले की, निरोगी माणसांना ठराविक काळ अर्धपोटी ठेवावयाचे, आणि नंतर त्यांना निरनिराळ्या प्रमाणात अन्न देऊन कोण कसा सावरतो ते पाहावयाचे. उपाशी ठेवणे हा प्रयोगाचा पूर्वार्ध. खरा हेतू उत्तरार्धात होता.

अशी माणसे मिळावयाची कोठून? अमेरिकेत त्या काळी शस्त्र हाती घेण्यास धर्माच्या किंवा सदसद्विवेकाच्या कारणाने नकार देणाऱ्या तरुणांची एक संघटित सेवा होती. मेनोनाइट, ब्रेदरन, क्वेकर अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे तरुण तिच्यात बरेच होते. जंगले राखणे, वेड्यांच्या इस्पितळांत शुश्रूषा करणे अशी कामे ते करीत. लोक त्यांना भ्याड म्हणत, आणि आपले समवयस्क रणांगणावर मरत असताना आपण सुरक्षित आहोत हे शल्य त्यांनाही होतेच. तीन भुकेली बालके वाडगे धरून बसली आहेत असे चित्र असलेले एक पत्रक त्यांच्या छावण्यांतून वाटण्यात आले. त्यांना अधिक चांगले अन्न मिळावे म्हणून तुम्ही उपाशी राहाल काय, असा प्रश्न त्यावर होता. ४०० हून अधिक जणांनी नावे दिली. शरीराने धट्टेकट्टे, मनाने स्थिर आणि चारचौघांत मिळून राहणारे असे ३६ निवडण्यात आले. वयाने ते २२ ते ३३ वर्षांचे होते.

ह्या ३६ जणांत मॅक्स कॅम्पेलमन नावाचा एक कायद्याचा विद्यार्थी होता. तोच पुढे १९८५ मध्ये सोव्हिएत संघाशी शस्त्रकपातीच्या वाटाघाटी करणारा अमेरिकेचा प्रतिनिधी झाला. दुसरे एक नाव गोव्याच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. हेन्री शोलबर्ग हे त्याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक ग्रंथसंग्रहाचे पुढे अनेक वर्षे ग्रंथपाल होते, आणि गोवा व पोर्तुगीज हिंदुस्थान ह्यांविषयीच्या ग्रंथांची त्यांनी केलेली सूची १९८२ साली दिल्लीत प्रसिद्ध झाली. गोव्याच्या इतिहासाचा अभ्यास करणारे ती आजही चाळतात. ज्या हातांनी ती रचली ते हात एका काळी भुकेने थरथरलेले होते, हे सूची पाहणाऱ्याला कळण्याचे कारण नाही.

१९ नोव्हेंबर १९४४ रोजी प्रयोग सुरू झाला. पहिले बारा आठवडे सर्वांना पोटभर अन्न देण्यात आले, दिवसाला सुमारे ३२०० उष्मांकांचे. उष्मांक म्हणजे ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो तेच. १२ फेब्रुवारी १९४५ ह्या दिवशी ते प्रमाण एकदम निम्म्यावर, सुमारे १५७० वर आणले गेले. त्या वर्षी राखेचा बुधवार दोनच दिवसांनी, १४ तारखेला होता. ख्रिस्ती जगाचा उपवासकाळ १ एप्रिलला ईस्टरच्या सणाने संपला. ह्या तरुणांचा मात्र २४ आठवडे, जुलैअखेरपर्यंत चालावयाचा होता. दिवसातून दोनदा जेवण. ताटात बटाटे, सलगम, कोबी, काळसर पाव, मॅकरोनी. म्हणजे युद्धग्रस्त युरोपात जे मिळत होते ते. आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते. शिवाय अभ्यास, प्रयोगशाळेतील कामे आणि आपले कपडे आपण धुणे हेही होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. १५७० उष्मांक हा आकडा ऐकून आजच्या पुष्कळ वाचकांना आश्चर्य वाटेल. वजन उतरविण्यासाठी आज जे आहारतक्ते हातोहाती फिरतात, त्यांतील कित्येकांत ह्याहूनही कमी अन्न सांगितलेले असते. वयाने, कामाने आणि देहयष्टीने माणसाची गरज बदलते हे खरे, आणि तरुण पुरुषाचे माप सर्वांना लावता येणार नाही. तरीही जे प्रमाण शास्त्रज्ञांनी उपासमार ह्या नावाखाली नोंदवले त्याच्या आसपासचे प्रमाण कित्येक तरुण मुली वर्षानुवर्षे पथ्य म्हणून पाळतात, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

चोवीस आठवड्यांत त्या तरुणांचे काय झाले ते थोडक्यात सांगावयाचे तर, वजन सरासरी ६९ किलोवरून ५३ किलोच्या आसपास आले. म्हणजे देहाचा चौथा हिस्सा गेला. नाडी मंदावली. शरीराची विसाव्यातील उष्णता-निर्मिती चाळीस टक्क्यांच्या आसपास घटली, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते घोंगडी मागत. केस गळू लागले. पायांना सूज आली. कठीण बाकावर बसवेना, कारण हाडावर मांस उरले नव्हते.

ह्याहून चमत्कारिक बदल मनात झाले. जी माणसे एरवी राजकारण, धर्म, युद्धोत्तर जग ह्यांवर रात्र-रात्र वाद घालीत, त्यांना अन्नावाचून दुसरा विषय सुचेना. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला. ताटातले अन्न पाण्यात कालवून त्याचा फुगवटा करावयाचा, घास तासभर पुरवावयाचा, शेवटी ताट चाटावयाचे, असे प्रकार सुरू झाले. चहा-कॉफी आणि च्युइंग गम ह्यांवर इतकी झोड उठली की प्रयोगशाळेला त्यांवर मर्यादा घालाव्या लागल्या. विनोदबुद्धी आटली, मित्रांचा सहवास नकोसा झाला, स्त्रियांविषयीची ओढ मावळली. एकाने बाहेर जाऊन चोरून खाल्ले. ते त्याच्या मनाला इतके लागले की त्याला प्रयोगातून वगळावे लागले. त्यानंतर एकट्याने बाहेर पडण्यास बंदी झाली. जोडीला दुसरा असलाच पाहिजे असा नियम आला. शेवटी ३२ जणांच्याच नोंदी पूर्ण मानल्या गेल्या. आणखी एक नोंद फार बोलकी आहे. आपण अति कृश झालो आहो असे त्यांना वाटेनासे झाले. उलट, इतर माणसेच त्यांना अवाजवी लठ्ठ दिसू लागली. भुकेने माणसाची मोजपट्टीच वाकते. ज्या घरात एखादी मुलगी हाडे दिसू लागली तरी आरशापुढे उभी राहून आपण जाड आहो असे म्हणते, तेथील वडीलधाऱ्यांना हा तिचा हट्ट वाटतो. तो नुसता हट्ट नसावा, ह्याचा पुरावा ह्या धट्ट्याकट्ट्या, स्थिरबुद्धीच्या पुरुषांनी दिला आहे.

हे तरुण मिनिआपोलिस शहरात उपासाचे नऊ आठवडे पुरे करीत असताना, १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजा जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेन छावणीत शिरल्या. तेथे सुमारे ६० हजार जिवंत सांगाडे होते. सैनिकांनी दयेने आपला शिधा, डबाबंद मांस सुद्धा, त्यांना वाटून टाकला. ते अन्न पुष्कळांना सोसले नाही. नंतर आलेल्या वैद्यकीय पथकांनी दूधभुकटी, पीठ, साखर आणि मीठ ह्यांचे पातळ मिश्रण वापरून पाहिले. त्याचे नावच ‘बंगाल दुष्काळाचे मिश्रण’ असे होते. बंगालच्या मरणप्राय भुकेतून शिकलेला धडा जर्मनीत उपयोगात आणला जात होता. पण युरोपीय जिभेला ते इतके गोड लागे की कित्येक ते घेण्यास राजी होईनात. प्रलयज्वर आणि उपासमार ह्यांमुळे मुक्तीनंतरही त्या छावणीत १३ हजारांहून अधिक माणसे मेली.

उपाशी माणूस अन्नाने का मरावा, ह्याचा उलगडा पुढील काळात झाला. दीर्घ उपासात शरीर साखरेऐवजी साठवलेल्या चरबीवर चालू लागते, आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ह्या क्षारांचे आतले साठे हळूहळू रिते होतात. अशा स्थितीत एकदम भरपूर पिष्टमय अन्न आले की इन्शुलिन उसळते, आणि रक्तात उरलेले हे क्षार पेशींत खेचले जातात. ‘ब-१’ जीवनसत्त्वही झपाट्याने खर्च होते. मग हृदयाचे ठोके चुकतात, श्वसनाचे स्नायू शिथिल होतात, अंगात पाणी भरते. म्हणून अतिशय खालावलेल्या माणसाला पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करीत, बेताने अन्न वाढवीत न्यावे लागते. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात अतिकुपोषित बालकांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत, तेथे प्रथम १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेले दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी देतात, आणि बालक स्थिरावल्यावर १०० उष्मांकांच्या दुधाकडे वळतात. पेया आधी आणि मांसरस नंतर, हा क्रम येथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटतो.

परंतु हा झाला पारण्याचा पहिला आठवडा. नंतरचे काय? येथेच मिनेसोटातील प्रयोगाचा उत्तरार्ध उपयोगी पडतो, आणि त्याने अनेकांच्या अपेक्षा खोट्या ठरविल्या.

१९४५ च्या जुलैअखेर उपासाचा काळ संपला. तरुणांना वाटत होते की आता सुखाचे दिवस आले. प्रत्यक्षात त्यांचे चार गट करण्यात आले, आणि उपासातील अन्नापेक्षा अनुक्रमे ४००, ८००, १२०० व १६०० उष्मांकच प्रत्येक गटाला जास्त मिळू लागले. काहींना शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काहींना जादा प्रथिने. कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि कोणत्या गोळीत औषध व कोणत्या गोळीत काहीच नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. आठवड्यामागून आठवडे गेले. खालच्या गटांत सुधारणा जवळजवळ दिसेना. काहींचे वजन तर प्रथम घटलेच, कारण अंगावरची सूज उतरत होती आणि सुजेचे पाणी काट्यावर आतापर्यंत मांसासारखे वजन भरत होते. खाणे वाढले तरी काटा हलत नाही, किंवा उलटाच हलतो, हे पाहून माणसाचा धीर सुटतो. अनेकांनी पुढे सांगितले की उपासापेक्षा हा काळच अधिक जड गेला. चिडखोरपणा आणि खिन्नता उपासाबरोबर संपली नाही. लाकडे फोडताना एकाच्या कुऱ्हाडीने त्याच्याच हाताची तीन बोटे तुटली, ती ह्याच पुनर्भरणाच्या काळात. आणि तो अपघात होता की काय, हे त्याला स्वतःलाही पुढे निश्चित सांगता आले नाही.

सहा आठवड्यांनंतर कीजला सर्वच गटांचे अन्न आणखी ८०० उष्मांकांनी वाढवावे लागले. त्याचा निष्कर्ष असा झाला की जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी किंवा प्रथिनांच्या जादा भुकटीने, मूळ अन्नच अपुरे असता, काहीही साधत नाही. प्रथम पुरेसे अन्न पाहिजे. आणि पुरेसे म्हणजे निरोगी माणसाचे नेहमीचे नव्हे, तर त्याहून अधिक. देहाची झालेली मोडतोड भरून काढण्यासाठी अशा तरुणाला दिवसाला सुमारे ४००० उष्मांक, आणि तेही कित्येक महिने लागतात. युरोपात मदतकार्य करणाऱ्यांना हा आकडा परवडणारा नव्हता. उपाशी राष्ट्राला जेमतेम जगण्यापुरते धान्य दिले की कर्तव्य संपले, ही समजूत मात्र त्याने मोडली. हे निष्कर्ष सर्वांपर्यंत पोचण्यापूर्वीच युद्ध संपले. मदतकार्यकर्त्यांसाठी एक छोटी पुस्तिका १९४६ मध्ये निघाली, आणि ‘मानवी उपासमारीचे जीवशास्त्र’ अशा अर्थाच्या नावाचा १३०० हून अधिक पृष्ठांचा दोन खंडी ग्रंथ १९५० साली बाहेर पडला.

ऑक्टोबर १९४५ मध्ये निर्बंध उठल्यावर जे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. बारा जण आणखी आठ आठवडे, २० डिसेंबरपर्यंत प्रयोगशाळेत राहिले. त्यांना आता हवे तितके खाण्याची मोकळीक होती. ते दिवसाला सरासरी ५००० उष्मांकांहून अधिक खाऊ लागले, आणि कोणी कोणी १० हजारांच्याही पुढे गेले. पोट तुडुंब भरले तरी भूक शमल्यासारखी वाटत नसे. एकाला अतिभोजनामुळे इस्पितळात नेऊन पोट रिते करावे लागले. वजन पूर्वीच्या आकड्याला पोचले आणि पुढे गेले, सुमारे दहा टक्क्यांनी. चरबी तर मूळच्या सुमारे दीडपट झाली. स्नायू मात्र मागे राहिले.

हे पाहून कोणीही म्हणेल की मनुष्य खादाड झाला, आता आवरावयास पाहिजे. अब्दुल डुल्लू ह्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या जुन्या नोंदी पन्नास वर्षांनंतर, १९९० च्या दशकात, पुन्हा उकलून पाहिल्या. त्यांना असे दिसले की चरबी परत येते लवकर, स्नायू व अवयव ह्यांचे वस्तुमान परत येते उशिरा, आणि हे दुसरे पूर्ण भरून येईपर्यंत भूक चढलेलीच राहते. म्हणजे चरबीचा हा फुगवटा हा शिस्तभंग नसून दुरुस्तीच्या कामातला एक टप्पा होय. घर पडल्यावर प्रथम अंगणात विटा-वाळूचा ढीग पडतो. तो पाहून गवंड्याला हाकलून देणाऱ्याचे घर कधीच उभे राहत नाही. ज्यांची प्रयोगोत्तर पाहणी पुढे चालू राहिली, त्यांच्यांत वजन आणि चरबी बहुतेक वर्षभरात आपल्या जागी येऊ लागली. ती उपासाने नव्हे, खात राहूनच आली. पूर्ण बरे वाटण्यास किती काळ लागला असे विचारता त्या माणसांनी पुढे दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची उत्तरे दिली.

दुष्काळग्रस्तांसाठी केलेला हा अभ्यास १९८० नंतर एका अगदी वेगळ्या दालनात जाऊन बसला. अन्न समोर असताना ते नाकारणाऱ्या, बहुधा तरुण आणि बहुधा स्त्री असलेल्या रोग्यांच्या दुखण्याला लंडनच्या विल्यम गल ह्या वैद्याने १८७३-७४ मध्ये ‘ॲनोरेक्सिया नर्व्होजा’ हे नाव दिले होते. अशा रोग्यास त्याच्या इच्छेवर न सोडता ठराविक वेळाने अन्न द्यावे, अशी त्याची शिकवण होती. पुढील शंभर वर्षे अन्नाचे वेड, घास मोजणे, एकलकोंडेपणा, खिन्नता ही लक्षणे त्या रोग्यांच्या स्वभावाची किंवा घरच्या वळणाची मानली जात. मिनेसोटातील नोंदी शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आले की ह्यांतील पुष्कळशी लक्षणे निखळ भुकेची आहेत. त्या ३६ तरुणांत ती आधी नव्हती. भुकेबरोबर आली, आणि अन्नाबरोबर, सावकाश, गेली. तेव्हापासून प्रथम पोषण व त्याच्याबरोबर मनाची शुश्रूषा, हा क्रम रूढ झाला. मन ताळ्यावर येईल तेव्हा खाईल, असे म्हणून वाट पाहणे धोक्याचे ठरते, कारण उपाशी मेंदूला ताळ्यावर येण्याचे बळच नसते.

ह्या दोन टोकांच्या मध्ये आज एक फार मोठा वर्ग आहे. तो रुग्णालयात जात नाही. लग्नापूर्वी बारीक व्हावयाचे म्हणून, नृत्यासाठी, खेळासाठी, किंवा नुसते लोकांनी काही म्हणू नये म्हणून कोणी भात सोडतो, कोणी तूप सोडतो, कोणी रात्रीचे जेवणच सोडतो, आणि अशी पाच-दहा वर्षे जातात. मासिक पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे, सदैव थंडी वाजणे, केस गळणे ह्या तक्रारी घेऊन ती व्यक्ती डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला वजन वाढवावयास सांगतात. हे सांगणे सोपे आहे. पुढची वाट कशी असेल ते फारसे कोणी सांगत नाही: पहिल्या आठवड्यांत पोट फुगते, पावलांवर सूज येते, रात्री घाम फुटतो, वजन प्रथम पोटाशी साचते आणि इतरत्र पसरण्यास पुढे वर्षभर लागू शकते, मंदावलेली शरीराची भट्टी पुन्हा पेटली की ती इतके इंधन मागते की कालपर्यंत पुरणारे अन्न आज पुरत नाही, आणि सावरणाऱ्या रोग्याला दिवसाला ३००० हून अधिक उष्मांक लागणे काही अपवादात्मक नव्हे. जो ह्या वाटेला सज्ज नसतो तो पहिल्याच सुजेला घाबरून उपासाकडे परत फिरतो. शेजारी-पाजारी, आता तब्येत सुधारली हो, असे जे कौतुकाने म्हणतात त्यानेही कित्येकींचे पाऊल मागे फिरले आहे. म्हणणाऱ्याचा त्यात दोष नसतो, परंतु तो शब्द कोणत्या कानावर पडतो आहे हे त्याला कळत नाही.

ह्या कामाला खर्चिक भुकट्या लागतात असेही नाही. भात-वरणावर तुपाची धार, दूध, दही, केळी, शेंगदाणे व गूळ, अंडी, मासे, ओल्या नारळाची आमटी. तीन वेळचे जेवण आणि मधल्या तीन वेळा काही तरी, भूक असो वा नसो. भूक हा वर्षानुवर्षे दाबलेला आवाज असल्यामुळे आरंभी तो भरवशाचा नसतो, म्हणून घड्याळाच्या सांगण्यावरून खावे लागते. वजन फारच उतरलेले असेल किंवा कित्येक दिवस अन्न जवळजवळ नसेलच, तर पहिले पाऊल डॉक्टरांच्या डोळ्यांदेखतच पडले पाहिजे. बेल्सेनच्या त्या शिध्याचा प्रसंग ह्यासाठीच सांगितला.

मिनेसोटाचे ते क्रीडांगण १९९२ मध्ये पाडण्यात आले. कीज २००४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी वारला. त्याच सुमारास, २००३-०४ मध्ये, त्या तरुणांपैकी हयात असलेल्या १८ जणांना संशोधकांनी शोधून काढून बोलते केले. ते सर्व आता ऐंशीच्या घरात होते. चोवीस आठवड्यांच्या भुकेच्या आठवणी साठ वर्षांनंतरही त्यांच्या ओठांवर होत्या, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाव देऊ असे बहुतेकांनी सांगितले. त्यांच्यातल्या तिघांनी प्रयोगानंतर आचाऱ्याचा पेशा पत्करला होता.